दिल्लीच्या आकाशातील एक पाहुणी

सफदरजंगच्या मकबऱ्याजवळून अरविंद मार्गाने दक्षिणेकडे निघाले की उजव्या हाताला कुंपणाआड एक विस्तीर्ण मोकळे मैदान लागते. भोवती इमारतींची एवढी दाटी झालेली असता ही जमीन रिकामी कशी राहिली, असा प्रश्न दिल्लीत नव्याने आलेल्या माणसाला पडतो. जुन्या रहिवाशांना तो पडत नाही. इंग्रजी अमदानीत विलिंग्डन ह्या नावाने सुरू झालेला आणि स्वातंत्र्यानंतर सफदरजंग म्हणून ओळखला जाऊ लागलेला हा दिल्लीचा पहिला विमानतळ. प्रवासी विमाने पालमला गेल्यावरही येथे हौशी वैमानिकांची छोटी विमाने आणि ग्लायडर उडत असत. लोदी कॉलनीत आणि विनयनगरात, म्हणजे आजच्या सरोजिनीनगरात, राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांतील मुलांना उन्हाळ्याच्या सुटीतील ती फुकटची करमणूक होती. दुपारच्या रखरखीत उन्हात घारी जशा पंख न हलविता वर वर चढत जातात, तसेच ते लांब पंखांचे, इंजिन नसलेले विमान आवाज न करता घिरट्या घालीत असे.

१९५९ साली नव्या दिल्लीवरून अशाच एका ग्लायडरमधून पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी विहार केला. त्यांचे वय सत्तरीला आलेले होते. ग्लायडर चालविणारी व्यक्ती जेमतेम पाच फूट उंचीची, सत्तेचाळीस वर्षांची एक जर्मन स्त्री होती. तिचे नाव हाना राइट्श. ग्लायडिंगच्या जगात हे नाव त्या वेळी सर्वतोमुखी होते. पण ते केवळ ग्लायडिंगच्या जगातच होते असे नव्हे. चौदा वर्षांपूर्वी, पेटलेल्या बर्लिन शहराच्या मध्यभागी विमान उतरविण्यात सहभागी होऊन हिटलरच्या भुयारात जाऊन पोचलेली स्त्री ती हीच.

नेहरूंचे फॅसिझमविषयीचे मत कोणाला अज्ञात नव्हते. १९३६ साली स्वित्झर्लंडमध्ये कमलाबाईंचा अंत झाल्यावर परतीच्या वाटेवर रोमला थांबावे लागले, तेव्हा मुसोलिनीची भेट घेण्याचा आग्रह त्यांनी ठामपणे नाकारला होता. दुःखाच्या त्या क्षणीही ज्यांनी एका हुकूमशहाशी हस्तांदोलन करण्याचे टाळले, ते दुसऱ्या हुकूमशहाच्या हातून लोहपदक घेतलेल्या वैमानिकेच्या हाती आपला जीव सोपवून दिल्लीवर तरंगले. ह्या विसंगतीचे कुतूहल मला फार दिवस होते. तिचा उलगडा करावयाचा तर आरंभ ह्या बाईच्या चरित्रापासून करणे भाग आहे.

हानाचा जन्म २९ मार्च १९१२ रोजी सायलीशिया प्रांतातील हिर्शबर्ग ह्या डोंगराळ गावी झाला. ते गाव आज पोलंडमध्ये असून त्याचे नाव येलेनिया गुरा असे आहे. वडील नेत्रवैद्य, आई धर्मशील. मुलगी डॉक्टर होणार हे घरात ठरलेलेच होते. मुलीनेही ते नाकारले नाही. फक्त त्यात स्वतःची एक भर घातली. दूर आफ्रिकेत विमानाने फिरून रुग्णांची सेवा करणारी धर्मप्रचारक डॉक्टर व्हावयाचे, असा तिचा बेत होता.

ह्या बेतातील विमानाचा भाग जर्मनीत त्या वेळी इतका सुलभ का होता, ते सांगितले पाहिजे. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर लष्करी विमाने बाळगण्यास बंदी घातली होती आणि इंजिनाच्या विमानांवरही कडक निर्बंध आले होते. ज्याला इंजिन नाही अशा विमानाचा मात्र तहाला विसर पडला. जर्मन तरुण मग लाकूड आणि कापड घेऊन टेकड्यांवर चढले. रबराच्या दोरांनी ग्लायडर गोफणीसारखे हवेत सोडून द्यावयाचे आणि वारा नेईल तितके उडावयाचे, हा त्या पिढीचा छंद झाला. पुढे जर्मनीची अग्निबाण-विमाने ज्यांनी आखली आणि ज्यांनी उडविली, ते बहुतेक सारे ह्या टेकड्यांवरचेच विद्यार्थी. इंजिन हिरावून घेतलेल्या देशाने इंजिनाविना उडण्याची विद्या एवढी घोटली, की पुढे प्रचंड शक्तीचे इंजिन हाती आल्यावर त्याला काय जोडावयाचे हे त्याला इतरांआधी कळले.

हिर्शबर्गजवळच्या ग्रुनाउ येथे वोल्फ हिर्थ हा नामांकित शिक्षक ग्लायडिंगची शाळा चालवीत होता. हाना तेथे दाखल झाली तेव्हा मुलगे तिला हसले, आणि हे हसणे फार दिवस टिकले नाही. चंद्रावर माणूस पोचविणाऱ्या अग्निबाणाचा भावी निर्माता वेर्नर फॉन ब्राउन हाही ह्याच शाळेत ग्लायडिंग शिकला. वैद्यकीचा अभ्यास बर्लिनमध्ये आणि मग कीलमध्ये रखडत राहिला आणि अखेर सुटला. १९३४ च्या प्रारंभी ब्राझील व अर्जेंटिना येथे गेलेल्या जर्मन ग्लायडर मोहिमेत हाना सहभागी झाली. तीत हाइनी डिटमार नावाचा एक तरुण होता. त्याने तेथे ४,३५० मीटरचा उंचीचा जागतिक विक्रम केला. ह्या डिटमारचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

परत आल्यावर ती डार्मश्टाट येथील ग्लायडर संशोधन संस्थेत चाचणी-वैमानिक झाली. चाचणी-वैमानिकाचे काम म्हणजे काय, ह्याची आपल्याकडे फारशी कल्पना नसते. नवे विमान प्रथम उडविणे एवढाच त्याचा अर्थ नव्हे. ते विमान कोठे बिघडते, किती वेगाला थरथरते, नाक खाली घातल्यावर सावरते की नाही, हे मुद्दाम त्या टोकापर्यंत नेऊन पाहावयाचे, आणि जिवंत खाली येऊन अचूक सांगावयाचे. त्यात धाडसापेक्षा हे शेवटचे सांगणे अधिक मोलाचे. हानाचा खरा गुण येथे होता. हान्स याकोब्स ह्या अभियंत्याने सूर मारताना वेग आवरणारे पंखांवरील रोधक तयार केले. त्यांची परीक्षा हानाने घेतली. १९३७ मध्ये एर्न्स्ट उडेट ह्या विख्यात वैमानिकाने तिला उड्डाण-कप्तान ही पदवी मिळवून दिली. हा मान मिळविणारी ती पहिली स्त्री. त्याच वर्षी तिने ग्लायडरमधून आल्प्स पर्वत ओलांडला. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, बर्लिनच्या डॉइच्लांडहाल ह्या प्रचंड बंदिस्त सभागृहात, प्रेक्षकांच्या डोक्यांवर, तिने हेलिकॉप्टर उडवून दाखविले. हेलिकॉप्टर ही वस्तूच तेव्हा जगाला अपूर्वाईची होती. नाझी राजवटीला आपल्या यंत्रविद्येची जाहिरात करावयाची होती आणि हानाला उडावयाचे होते. दोघांचे उत्तम जमले, आणि ह्या जमण्यातच पुढच्या साऱ्या शोकांतिकेचे बीज आहे.

युद्ध सुरू झाल्यावर तिच्या वाट्याला आलेली कामे अंगावर काटा आणणारी आहेत. ब्रिटिशांनी शहरांच्या रक्षणासाठी हवेत सोडलेल्या फुग्यांच्या पोलादी तारा विमानाच्या पंखांनी कापता येतात का, हे पाहण्यासाठी ती मुद्दाम विमान तारांवर घालीत असे. ह्या कामगिरीबद्दल मार्च १९४१ मध्ये हिटलरने तिला द्वितीय श्रेणीचे लोहपदक दिले. मग आले मेसरश्मिट १६३, ज्याला कोमेट म्हणजे धूमकेतू हे नाव होते.

ह्या विमानाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आजही जगभरच्या विमानप्रेमींना त्याने वेड लावले आहे. अलेक्झांडर लिपिश ह्या ग्लायडरतज्ज्ञाने आखलेले हे विमान आखूड, ठेंगणे, आडव्या शेपटीशिवायचे होते. पंखांचा एकूण विस्तार सव्वानऊ मीटरच्या आसपास. त्याच्या पोटात हेल्मुट वाल्टर ह्याने बनविलेले अग्निबाणाचे इंजिन असे. दोन द्रव एकत्र आले की आपोआप पेट घेत. त्यांपैकी एक सुमारे ८० टक्के तीव्रतेचे हायड्रोजन पेरॉक्साइड होते. ते अंगावर सांडले तर कातडी जाळून टाकी. इंधन पुरे साडेसात मिनिटांचे. तेवढ्यात ते विमान सुमारे साडेतीन मिनिटांत १२,००० मीटर उंची गाठी, आणि इंधन संपताच एक जड ग्लायडर होऊन खाली येई. वजन वाचविण्यासाठी त्याला कायमची चाके नव्हती. दोन चाकांच्या गाड्यावरून उडावयाचे, जमीन सुटताच गाडा खाली टाकावयाचा, आणि उतरताना पोटाखालच्या पट्टीवर घसरत यावयाचे. २ ऑक्टोबर १९४१ रोजी पेनेम्युंडे येथे ह्याच विमानाच्या आद्य नमुन्यातून ताशी १,००४ किलोमीटर वेग गाठणारा वैमानिक होता हाइनी डिटमार, दक्षिण अमेरिकेतील मोहिमेतला तोच तरुण. त्या वेळी पृथ्वीवर कोणीही इतक्या वेगाने गेलेले नव्हते.

३० ऑक्टोबर १९४२ रोजी रेगेन्सबुर्गजवळच्या ओबरट्राउबलिंग येथे हानाने ह्या विमानातून उड्डाण केले. इंजिन चालू नव्हते; दुसऱ्या विमानाने दोराने ओढून वर न्यावयाचे होते. जमीन सुटली, आणि गाडा सुटला नाही. विमान थरथरू लागले. खालून लाल बाण सोडून धोक्याच्या खुणा करण्यात आल्या. उंच गेल्यावर तिने दोर सोडला, झटके देऊन गाडा पाडण्याचा प्रयत्न केला. तो तसाच चिकटून राहिला. छत्रीने उडी मारणे शक्य होते. पण विमान जमिनीवर आले नाही तर दोष कळणार नाही, म्हणून तिने ते उतरविण्याचे ठरविले. अडकलेल्या गाड्यामुळे पंखांखालचा वायुप्रवाह बिघडला होता; अखेरच्या वळणावर विमानाचा आधार तुटला आणि ते धावपट्टीच्या अलीकडे नांगरलेल्या शेतात कोसळले. भानावर असलेल्या हानाने हाताने चेहरा चाचपला तेव्हा नाकाच्या जागी एक उघडी जखम लागली. तिने खिशातून पेन्सिल व वही काढली, अपघात कसा घडला ह्याची आकृती काढून टिपण लिहिले, रुमालाने चेहरा झाकून घेतला, आणि मग ती बेशुद्ध झाली.

कवटीला अनेक ठिकाणी भेगा पडल्या होत्या. पाच महिने रुग्णालयात गेले. पुन्हा उडता येणार नाही असे वैद्यांचे मत. घरी आल्यावर तोल जाई, घेरी येई. तेव्हा ती एकटीच एका घराच्या छपरावर चढून आढ्यावर बसण्याचा सराव करू लागली. प्रथम चिमणीला मिठी मारून, मग हात सोडून. मग झाडांच्या फांद्यांवर. काही आठवड्यांनी घेरी गेली आणि बाई पुन्हा विमानात बसल्या. ह्या अपघातानंतर तिला प्रथम श्रेणीचे लोहपदक मिळाले. प्रत्यक्ष युद्धात कोमेटने मारले त्यापेक्षा आपलेच वैमानिक अधिक संकटात घातले असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. सुमारे ३७० विमाने बांधली गेली आणि त्यांनी पाडलेली शत्रूची विमाने बोटांवर मोजावी इतकीच. जपाननेही ह्याच विमानाच्या नमुन्यावरून आपले शूसुई विमान केले. शिकण्यासाठी आधी त्याच आकाराचा एक लाकडी ग्लायडर तयार करण्यात आला. तो उत्तम उडाला. ७ जुलै १९४५ रोजी इंजिनासह पहिले उड्डाण झाले, इंजिन मध्येच बंद पडले, आणि त्या अपघातात वैमानिकाचा बळी गेला.

येथपर्यंतची हाना कोणालाही आवडावी अशी आहे. यापुढची कथा सांगताना लेखणी जड होते.

२८ फेब्रुवारी १९४४ रोजी पदक स्वीकारण्याच्या निमित्ताने हिटलरची भेट झाली असता तिने एक योजना त्याच्यापुढे मांडली. वैमानिकाने उडता बॉम्ब स्वतः चालवीत नेऊन शत्रूच्या जहाजावर आदळावा आणि त्यातच मरावे, अशी ती योजना होती. हिटलरला ती फारशी रुचली नाही, पण पूर्वतयारीला त्याने परवानगी दिली. व्ही-१ ह्या उडत्या बॉम्बमध्ये माणसाला बसण्याची जागा करण्यात आली. आधीचे वैमानिक उतरताना जायबंदी झाल्यावर हानाने स्वतः त्यातून उड्डाणे करून दोष शोधले. ही शस्त्रे प्रत्यक्ष वापरली गेली नाहीत. मरणाची तयारी असणे ह्याला आपण शौर्य म्हणतो. परंतु कोणासाठी मरावयाचे ह्याचा विचार ज्या शौर्याने केला नाही, त्याला काय म्हणावे?

तो विचार करण्याची संधी तिला मिळाली नव्हती असेही नाही. १९४४ च्या अखेरीस पेटर रीडेल ह्या जुन्या ग्लायडर-मित्राने तिच्यापुढे एक पत्रक टाकले. त्यात छळछावण्यांतील विषारी वायूच्या कोठड्यांचे वर्णन होते. ती संतापली, त्यावर विश्वास ठेवावयास तयार होईना. तिच्याच सांगण्याप्रमाणे ती मग हिमलरकडे गेली आणि त्यालाच विचारले. हिमलरने हा शत्रूचा अपप्रचार आहे असे सांगितले. तिचे समाधान झाले. ज्या स्त्रीने विमानातील एका अडकलेल्या गाड्याचे कारण कळावे म्हणून चेहरा फुटलेल्या अवस्थेत वही काढली, तिला ह्या प्रश्नाची तड लावण्यासाठी गुन्हेगाराचे एक वाक्य पुरेसे वाटले. हाना नाझी पक्षाची सभासद कधीच नव्हती, हे तिचे चाहते आवर्जून सांगतात. ते खरे आहे आणि त्याने फारसा फरक पडत नाही.

२६ एप्रिल १९४५ रोजी सेनापती फॉन ग्राइम ह्याच्यासह ती एका लहान विमानातून वेढल्या गेलेल्या बर्लिनमध्ये शिरली. रशियन गोळीबारात ग्राइमचा पाय जखमी झाला. त्याच्या खांद्यावरून हात लांबवून हानाने विमान ब्रांडेनबुर्ग वेशीजवळच्या रस्त्यावर उतरविले. हिटलरच्या भुयारात ती दोन दिवस राहिली, त्याने दिलेली विषाची कुपी घेतली, आणि त्याच्या आज्ञेवरून ग्राइमला घेऊन अखेरच्या रात्रींपैकी एका रात्री तेथून बाहेर उडाली. पुढच्या महिन्यात ग्राइमने ते विष घेतले. हानाने घेतले नाही. पण त्याच मे महिन्यात साल्झबुर्ग येथे निर्वासित म्हणून राहत असलेल्या तिच्या वडिलांनी, आपल्याला रशियनांच्या ताब्यातील मुलखात परत धाडणार ह्या भीतीने, पत्नी, धाकटी मुलगी व तिची तीन मुले ह्यांचा प्राण घेऊन स्वतःचाही शेवट केला. डोळ्यांना दृष्टी देणारा तो वैद्य होता. कैदेत असलेल्या हानाला ही बातमी कळली.

अमेरिकनांच्या कैदेतून एक वर्षाहून अधिक काळाने ती सुटली. जर्मनीत ग्लायडिंगला पुन्हा परवानगी मिळाल्यावर, १९५२ साली स्पेनमधील जागतिक स्पर्धेत तिने कांस्यपदक मिळविले. १९५५ साली ती जर्मनीत विजेती ठरली. आत्मचरित्र तिने १९५१ सालीच प्रसिद्ध केले होते. त्यात उड्डाणाविषयी सारे काही आहे. पश्चात्तापाविषयी शोधून काही सापडत नाही.

आता दिल्लीकडे वळू. १९५० च्या दशकात विमानविद्येच्या बाबतीत आपल्या देशाची स्थिती थोडीबहुत विसाव्या दशकातील जर्मनीसारखी होती. आपल्यावर बंदी कोणाची नव्हती. पण पैसा नव्हता. पेट्रोलवर उडविणे महाग, म्हणून तरुणांना हवेची ओळख करून देण्याचा स्वस्त मार्ग ग्लायडिंग हाच होता. पुण्याजवळ हडपसरला १९५० पासून सरकारी ग्लायडिंग केंद्र चालू होते. पुण्याकडची आपली कित्येक मंडळी त्या माळावरील विंच आणि दोर पाहत लहानाची मोठी झाली असतील. दिल्लीत सफदरजंग येथे नागरी विमान खात्याच्या तांत्रिक केंद्रात एस. राममृतम ह्यांनी स्वदेशी ग्लायडर आखण्यास आरंभ केला होता. त्यांची नावे मोठी गोड आहेत. १९५८ मध्ये अश्विनी उडाले, १९६१ मध्ये रोहिणी, मग कार्तिक, आणि पुढे मृगशीर. आजीने ओसरीवर पाठ करून घेतलेल्या नक्षत्रांची माळच जणू सफदरजंगच्या मैदानावरून एकेक करून आभाळात चढत होती.

ह्या वातावरणात नेहरूंनी हानाला ग्लायडिंगचे केंद्र उभारण्याच्या कामी साहाय्य करण्यासाठी पाचारण केले. तिचे इंग्रजी उत्तम होते. दिल्लीचा उन्हाळा, जो आपल्याला नकोसा, तो ग्लायडरला पर्वणी. तापलेल्या जमिनीवरून उष्ण हवेचे स्तंभ उठतात. त्यांत सापडलेले ग्लायडर वर्तुळे घेत हजारो फूट चढते. घारींना हे ठाऊक असते, म्हणून कुशल वैमानिक घारींकडे लक्ष ठेवून असतो. पंतप्रधानांना सोबत घेऊन हानाने नव्या दिल्लीवर विहार केला, त्याचा गाजावाजा झाला. जर्मनीत त्या बातमीने कित्येकांना समाधान वाटले असेल: ज्या स्त्रीकडे युरोपात संशयाने पाहिले जात होते, तिला गांधींच्या देशाने आपल्या पंतप्रधानाशेजारी बसविले.

नेहरूंनी हे का केले असावे? मला वाटते, त्यांच्या दृष्टीने ती भूतकाळातील व्यक्ती नव्हती, एका विद्येची जाणकार होती. आणि ही दृष्टी केवळ तिच्यापुरती नव्हती. फोक-वुल्फ १९० ह्या युद्धकालीन लढाऊ विमानाचा निर्माता कुर्ट टांक १९५६ पासून बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये आपल्यासाठी मरुत विमान आखीत होता. योगायोग असा, की ज्या १९५९ साली हाना दिल्लीत आली, त्याच वर्षी बंगलोरला मरुतची एक पूर्णाकृती लाकडी प्रतिकृती, इंजिनाविना, ग्लायडर म्हणून हवेत सोडण्यात आली. तिला डाकोटा विमानाने दोराने ओढून वर नेत. जेट विमान अजून बांधावयाचे होते. पण त्याचा आकार हवेत कसा वागेल हे त्या लाकडी जुळ्या भावाने आधीच सांगून टाकले. ८६ उड्डाणे झाल्यावर एकदा पुढचे चाक बाहेर न आल्यामुळे उतरताना त्याची मोडतोड झाली. मग १७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास ह्यांनी खरे मरुत उडविले. जानेवारी १९७० मध्ये सुधारित मरुतच्याच चाचणीत दास ह्यांना वीरमरण आले. त्यांच्या धैर्यामागे कोणाची भक्ती होती हा प्रश्न कोणाला पडत नाही, आणि म्हणूनच त्यांचे स्मरण करताना हानाच्या चरित्रात पदोपदी लागते तशी ठेच लागत नाही.

नव्या राष्ट्रांना जाणकार हवे होते. जाणकारांना पुन्हा मान हवा होता. हा व्यवहार समजण्याजोगा आहे. तो निर्दोष होता असे मात्र म्हणवत नाही. दिल्लीतील ज्या स्वागतसमारंभांत हानाला पुष्पहार घालण्यात आले असतील, तेथे कोणी तिला त्या पत्रकाविषयी विचारले असेल काय?

१९६१ साली ती वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्ष केनेडींना भेटली. १९६२ मध्ये घानाचे अध्यक्ष न्क्रुमा ह्यांनी तिला बोलाविले, आणि आफियेन्या येथे तिने ग्लायडिंगची राष्ट्रीय शाळा उभारली. लहानपणीचे आफ्रिकेत जाण्याचे स्वप्न असे वेगळ्याच वाटेने पुरे झाले. काळ्या माणसाला मित्र किंवा सहकारी मानण्याचे पूर्वी आपल्या मनातही आले नसते, अशी कबुली तिने तेथील अनुभवांवर लिहिताना दिली आहे. तिच्या साऱ्या लेखनात आत्मपरीक्षणाच्या सर्वांत जवळ जाणारी जागा बहुधा हीच. १९६६ च्या फेब्रुवारीत लष्करी उठावात न्क्रुमांची सत्ता गेली आणि हानालाही देश सोडावा लागला. उतारवयातही उडणे थांबले नाही. अमेरिकेतील अपालेशियन डोंगररांगांवरून जाऊन परत येण्याचा स्त्रियांचा जागतिक विक्रम तिने १९७६ मध्ये ७१५ किलोमीटरचा, आणि १९७९ मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, ८०२ किलोमीटरचा केला. त्याच वर्षी २४ ऑगस्टला फ्रांकफुर्टमध्ये हृदयविकाराने तिचे निधन झाले. साल्झबुर्गला आईवडील, बहीण आणि त्या तीन मुलांच्या शेजारी तिला मूठमाती देण्यात आली. हिटलरच्या सेवेबद्दल जाहीर खंत तिने शेवटपर्यंत व्यक्त केली नाही.

सफदरजंगचे मैदान आता शांत असते. २००१ नंतर सुरक्षेच्या कारणास्तव राजधानीच्या मध्यभागातील हौशी उड्डाणांना आळा बसला. कोमेट विमाने जगातील काही संग्रहालयांत, इंधनाच्या रिकाम्या टाक्यांसह उभी आहेत. ते विमान पुन्हा उडवावे ही इच्छा मात्र लोकांना सुटत नाही. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेतील एक्सकॉर ह्या कंपनीने खऱ्या अग्निबाण-इंजिनासह, पण कमी धोक्याचे इंधन वापरून, प्रतिकृती करण्याची कल्पना मांडली होती. ती कागदावरच राहिली. प्रत्यक्षात उडाली ती जर्मनीतील एक वेगळीच प्रतिकृती. जोझेफ कुर्त्स हा तरुणपणी कोमेटसाठी शिक्षण घेतलेला वैमानिक. युद्ध संपले आणि त्याला लढण्याची वेळ आली नाही. १९९४ ते १९९६ ह्या काळात, म्हातारपणी, त्याने कोमेटच्या आकाराचे विमान लाकडात बांधले. भरलेल्या मूळ विमानाचे वजन चार हजार किलोच्या घरात होते. ह्याचे रिकामे वजन २८५ किलो. त्यात तोफा नाहीत, ते जळते द्रव नाहीत, इंजिनही नाही. दोराने ओढून वर नेतात आणि सोडून देतात. उडण्यास ते फार गुणी आहे असे म्हणतात.